आठवडी बाजार ते स्वयंसेवा भांडार : ग्रामीण भागातील किरकोळ व्यापाराचे बदलते स्वरूप

शेतात पिकलेला माल बाजार समितीच्या आवारात कोणत्या भावाने विकला गेला, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या विक्रीतून हाती आलेला पैसा पुढे कोणत्या दुकानात, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटींवर खर्च होतो, या बाजूकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. वास्तविक शेतकऱ्याच्या व शेतमजुराच्या राहणीमानावर या दोन्ही व्यवहारांचा सारखाच परिणाम होत असतो. विक्रीत मिळालेला चार पैशांचा लाभ खरेदीत सहज निघून जाऊ शकतो. म्हणून ग्रामीण भागातील किरकोळ व्यापाराचे प्रकार कोणते, ते कसे निर्माण झाले आणि आज ते कोणत्या दिशेने बदलत आहेत, हे समजून घेणे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे या अभ्यासासाठी चांगले उदाहरण आहे. वाढोणा या जुन्या नावानेही ओळखले जाणारे हे गाव पूर्वी हदगाव तालुक्यात होते. आज ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. उत्तरेस पैनगंगा नदी आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका, तर मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग गावाला लागून, अशी या गावाची जागा आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद पिकविणाऱ्या आसपासच्या खेड्यांची खरेदी प्रामुख्याने येथेच होते. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणारी श्रीपरमेश्वराची यात्रा हे येथील आणखी एक वैशिष्ट्य होय. खेड्यातील किराणा दुकान, आठवडी बाजार, यात्रा, तालुक्याची बाजारपेठ, मोंढा आणि मोबाइल फोनवरून मागविलेला माल, अशी किरकोळ व्यापाराची जवळजवळ सर्व रूपे अशा गावाच्या परिसरात एकाच वेळी नांदताना दिसतात.

दुकानाचा प्रकार कशावरून ठरतो?

नवे दुकान आले की जुने मागे पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. दुकानाचा प्रकार मुख्यतः गिऱ्हाइकाच्या हाती पैसा केव्हा व किती येतो, यावरून ठरतो. रोजंदारीवर जाणाऱ्या मजुराच्या हाती पैसा रोज किंवा आठवड्याने येतो. त्याची खरेदीही रोजची किंवा आठवड्याची असते. शेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर येतो. मधल्या महिन्यांत त्याला उधारीवर माल देणारा दुकानदार लागतो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा पगारदार वर्गाला दरमहा ठरावीक रक्कम मिळते. महिन्याचा किराणा एकदम व रोखीने भरणे त्याला परवडते. आठवडी बाजार, गावातील किराणा दुकान आणि शहरातील मोठे स्वयंसेवा भांडार ही अनुक्रमे या तीन प्रकारच्या उत्पन्नांना सोयीची ठरलेली रूपे आहेत. ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे विकसनशील अर्थव्यवस्थेत ही सारी रूपे शेजारी शेजारी का टिकून राहतात, याचा उलगडा होतो.

फिरता व्यापार, आठवडी बाजार आणि यात्रा

व्यापाराचे सर्वांत जुने रूप म्हणजे माल घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी जाणारा विक्रेता. बांगड्या भरणारा कासार, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकणारी स्त्री ही त्याची परिचित उदाहरणे. एका गावातील मागणी एका दुकानाचा खर्च निघण्याइतकी नसते, तेव्हा दुकानच गावोगाव फिरते. आज टोपलीची जागा मोटारसायकल व लहान टेम्पो यांनी घेतली असली, तरी तत्त्व तेच आहे.

आठवडी बाजार ही याच तत्त्वाची पुढची पायरी होय. एका परिसरातील निरनिराळ्या गावांचे बाजार निरनिराळ्या वारी ठेवलेले असतात. त्यामुळे तोच व्यापारी आठवडाभर क्रमाने बाजार करतो आणि प्रत्येक ठिकाणी सात दिवसांची साठलेली मागणी त्याला एका दिवसात मिळते. दुकानाचे भाडे नाही, इमारतीचा खर्च नाही, त्यामुळे थोड्या भांडवलावर धंदा उभा राहतो. बाजाराचा दुसरा गुण असा की, येथे तोच मनुष्य विक्रेता आणि ग्राहक असतो. सकाळी मेथीच्या जुड्या, अंडी किंवा कोंबडी विकून दुपारी त्याच पैशातून तेल, मीठ, मिरची घेऊन घरी जाणारी स्त्री हे आठवडी बाजाराचे खरे प्रातिनिधिक चित्र आहे. एकाच ओळीत दहा भाजीवाले बसत असल्याने भावाची तुलना आपोआप होते. ही सोय गावातील एकुलत्या एका दुकानात नसते.

यात्रा म्हणजे वर्षाचा बाजार. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. लातूर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बैलबाजारही तसाच नावाजलेला आहे. जी वस्तू वर्षातून किंवा काही वर्षांतून एकदाच घ्यावयाची, तिच्यासाठी मोठ्या परिसरातील विक्रेते व ग्राहक एका ठिकाणी जमणे आवश्यक असते. यात्रेने हे कार्य शतकानुशतके केले आहे.

किराणा दुकान आणि उधारीची वही

गावातील किराणा दुकान हे केवळ माल विकण्याचे ठिकाण नसते. ते एका अर्थाने गावाची पतपेढी असते. मृगाच्या पेरणीपासून दिवाळीपर्यंत शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा कमी असतो. बियाणे, खत आणि मजुरी यांत तो गुंतलेला असतो. या काळात घरचा चहा, साखर, तेल, साबण उधारीच्या वहीवर येतो आणि सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर हिशेब चुकता होतो. दुकानदार गिऱ्हाइकाला व्यक्तिशः ओळखतो. तारण मागत नाही, अर्ज भरून घेत नाही. पाच-दहा रुपयांचे तेल, दोन रुपयांची चहाची पुडी देण्याची त्याची तयारी असते. मोठ्या भांडारात हे घडत नाही.

परंतु उधारी फुकट नसते. तिचे व्याज स्वतंत्रपणे लिहिले जात नाही. ते बहुधा भावात मिसळलेले असते. समजा, रोखीने १०० रुपयांस मिळणारी वस्तू उधारीवर ११० रुपयांस लावली आणि हिशेब सहा महिन्यांनी चुकता झाला, तर सहा महिन्यांचे व्याज १० टक्के, म्हणजे वर्षाचे सरळ व्याज २० टक्के झाले. दुकानदाराच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यावयाचे असतात, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी त्याची वहीच बुडीत निघते. म्हणून त्याला दोष देण्यापेक्षा, हे व्याज किती आहे हे दोन्ही पक्षांना स्पष्ट दिसणे अधिक हिताचे आहे. बचत गटाकडून किंवा सहकारी संस्थेकडून त्याहून कमी दराने रक्कम मिळत असेल, तर ती घेऊन रोखीने खरेदी करणे केव्हाही लाभाचे ठरते.

तालुक्याची बाजारपेठ व मोंढा

तालुक्याच्या गावी एकाच प्रकारचा माल ठेवणारी दुकाने आढळतात. कापड, भांडी, सराफी, औषधे, लोखंडी सामान आणि बी-बियाणे व खते पुरविणारी कृषी सेवा केंद्रे ही त्यांची उदाहरणे. अशा दुकानांना पंचवीस-तीस खेड्यांची मागणी एकत्र व्हावी लागते; म्हणून ती खेड्यात नसतात, तर मोंढा, बसस्थानक व तहसील कचेरी यांच्या आसपास वसतात. माल विकावयास आलेला शेतकरी त्याच फेरीत लग्नाचा बस्ता बांधतो किंवा फवारणीचे औषध घेतो. मोंढा आणि बाजारपेठ यांचे हे नाते मराठवाड्यातील बहुतेक गावांच्या रचनेतच दिसून येते. लातूरची गंजगोलाई हे त्याचे ठळक उदाहरण होय. मध्यभागी वर्तुळाकार इमारत, तिला येऊन मिळणारे १६ रस्ते आणि सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा एकेका व्यापारासाठी प्रसिद्धीस आलेल्या ओळी, अशी तिची मांडणी आहे. आजच्या मोठ्या व्यापारी संकुलात एका छताखाली जी सोय केलेली असते, तीच येथे उघड्या रस्त्यांवर नगररचनेतून साधलेली आहे.

सहकारी भांडारे व रास्त भाव दुकाने

टंचाईच्या काळात केवळ खाजगी व्यापारावर विसंबून चालत नाही, या अनुभवातून दोन संस्था पुढे आल्या. पहिली सहकारी ग्राहक भांडाराची. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली विणकर व अन्य कामगारांनी शुद्ध माल, योग्य वजन व रोख व्यवहार या तत्त्वांवर आपले दुकान काढले. आपल्या राज्यात मुंबईच्या गिरणगावात, नायगाव येथे, १९४८ साली कामगारांच्या सहकारातून ‘अपना बाजार’चा आरंभ झाला. रुपयाच्या अवमूल्यनानंतर वाढत्या किमतींना आळा घालण्यासाठी १९६६ साली दिल्लीत ‘सुपर बाजार’ सुरू करण्यात आला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवाय वितरणाची पद्धत रूढ केली. शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. ही पद्धत खेड्यातील महिला बचत गटांनाही सहज अंगीकारता येण्यासारखी आहे.

दुसरी संस्था रास्त भाव दुकानाची. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याची अंमलबजावणी महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली आणि धान्य हा पात्र कुटुंबांचा कायदेशीर हक्क झाला. ई-पॉस यंत्रामुळे वितरणाची नोंद आता तत्काळ होते. या दुकानाचा एक अप्रत्यक्ष लाभही आहे. घरात धान्य असले, की किराणा दुकानातील उधारी तेवढ्या प्रमाणात कमी होते.

स्वयंसेवा भांडार आणि साखळी दुकाने

वस्तूवर निश्चित किंमत लिहिलेली, घासाघीस नाही आणि सर्व विभाग एका इमारतीत, ही कल्पना पॅरिसमधील ‘बाँ मार्शे’ या भांडाराने १८५२ नंतर लोकप्रिय केली. ग्राहकाने स्वतःच फळीवरून माल उचलावा व बाहेर पडताना पैसे द्यावेत, ही स्वयंसेवा पद्धत अमेरिकेतील मेंफिस शहरात १९१६ साली ‘पिगली विगली’ या दुकानाने सुरू केली. आपल्या राज्यात ‘डी-मार्ट’ या साखळीचे पहिले भांडार २००२ साली मुंबईतील पवई येथे उघडले. नांदेड व लातूर या शहरांतही स्वयंसेवा पद्धतीची दुकाने आता रुळली आहेत, आणि तालुक्याच्या गावांतील काही किराणा व्यापाऱ्यांनीही फळ्या उघड्या करून तीच पद्धत लहान प्रमाणावर स्वीकारली आहे.

अशा भांडारात माल स्वस्त का मिळतो? ते उत्पादकाकडून मोठ्या प्रमाणावर खरेदी करते, माल थोड्याच दिवसांत खपविते, नोकरवर्ग कमी ठेवते आणि उधारी देत नाही. म्हणजे किराणा दुकानदार जी सेवा देतो, त्यांतील काही सेवा येथे कमी केलेल्या असतात आणि त्यांचा खर्च ग्राहकाने स्वतः सोसलेला असतो. समजा, खेड्यातील एका मजुराला शहरात जाण्या-येण्यास ४० रुपये भाडे पडले आणि ३०० रुपयांची मजुरी बुडाली. शंभर रुपयांच्या खरेदीत ५ रुपये वाचत असतील, तर केवळ हा ३४० रुपयांचा खर्च भरून निघण्यासाठी त्याला एका खेपेस ६,८०० रुपयांचा माल रोखीने घ्यावा लागेल. पगारदार कुटुंबाला रविवारी हे जमू शकते. मजुराला जमत नाही. स्वस्ताईचा लाभ कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे या साध्या हिशेबावरून स्पष्ट होते.

मोबाइल फोनवरील बाजार

एकात्मिक देयक प्रणाली, म्हणजे यूपीआय, २०१६ साली सुरू झाली आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. मोबाइल फोनवरून कपडे, पादत्राणे, शेतीची अवजारे मागविण्याची सवय खेड्यांतही लागली आहे. यामुळे ग्राहकाला निवड भरपूर मिळते आणि भावाची तुलना घरबसल्या करता येते. त्याच वेळी तालुक्यातील कापड व विद्युत उपकरणांच्या दुकानांना मोठी स्पर्धा निर्माण झाली आहे.

या बदलामागे लोकांच्या खर्चाचे बदललेले स्वरूपही आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या दरमहा खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडलेला नियम येथे प्रत्ययास येतो. उरलेला पैसा औषधे, शिक्षण, वाहन, मोबाइल आणि कापड यांकडे वळतो, आणि दुकानांचे स्वरूप त्यानुसार बदलते.

२०२० साली कोरोनाच्या काळात या सर्व रूपांची कसोटी लागली. आठवडी बाजार बंद ठेवावे लागले, वाहतूक थांबली. अशा वेळी गल्लीतील किराणा दुकान व रास्त भाव दुकान हेच लोकांचे आधार ठरले. लहान विक्रेत्यांचे मात्र भांडवलच संपले. त्यांच्यासाठी त्याच वर्षी केंद्र शासनाने पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू केली आणि पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांपर्यंत खेळत्या भांडवलाचे कर्ज उपलब्ध करून दिले.

कायद्याचे संरक्षण

दुकान कोणतेही असो, ग्राहकाचे काही हक्क सर्वत्र समान आहेत. पुडीबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. कमाल किंमत ही वरची मर्यादा आहे. त्याहून कमी भावाने विकण्यास दुकानदार मोकळा असतो, अधिक भावाने नाही. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील नियम यांनुसार वजने व मापे यांची ठरावीक मुदतीत पडताळणी करून त्यांवर मुद्रांकन करून घ्यावे लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी आवश्यक असते. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आला असून ऑनलाइन विक्रीही त्याच्या कक्षेत आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक उपलब्ध आहे.

स्थानिक संस्थांचे कर्तव्य

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत ‘बाजार व जत्रा’ आणि ‘सार्वजनिक वितरण व्यवस्था’ हे दोन्ही विषय समाविष्ट आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार बाजारावर फी बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस आहे. हा अधिकार केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून न वापरता त्या फीतून बाजाराची सोय करणे अपेक्षित आहे. बाजाराच्या जागेवर मुरूम व ओटे, विक्रेत्यांच्या डोक्यावर छप्पर, पिण्याचे पाणी, स्त्री-विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृह आणि कचऱ्याची व्यवस्था एवढ्या गोष्टी झाल्या, तरी बाजाराला नवे बळ मिळते. प्रवेशाजवळ एक पडताळणी केलेला काटा सर्वांसाठी ठेवल्यास मापातील वाद तेथल्या तेथे मिटू शकतात. फीचे दर फलकावर लिहिलेले असावेत, म्हणजे जुडीभर भाजी घेऊन आलेल्या स्त्रीकडून अवास्तव रक्कम वसूल होणार नाही. बाजाराची जागा अतिक्रमणात किंवा अन्य बांधकामात जाणार नाही, याबद्दल विशेष दक्षता घ्यावी. एकदा गेलेली जागा परत मिळणे कठीण असते.

नगरपंचायतींच्या क्षेत्रात पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून प्रमाणपत्रे देणे आणि ते पूर्ण होईपर्यंत त्यांना न हटविणे, ही त्यातील महत्त्वाची तरतूद आहे. फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाल्यानंतर शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्यासाठी राज्यात संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू करण्यात आली. तालुक्याच्या गावांनीही या मार्गाचा विचार करावा.

शिक्षकांचा वाटाही यात मोठा आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गणिताच्या तासाला पुडीवरील वजन व किंमत यांवरून १०० ग्रॅमचा भाव काढावयास लावावा. लहान पुडी व मोठी पुडी, सुटा माल व पुडीबंद माल, रोखीचा भाव व उधारीचा भाव यांची तुलना त्यांनी घरच्या खरेदीवरून करावी. शेकडेवारी व सरळ व्याज यांचा याहून जिवंत पाठ दुसरा नाही, आणि त्याचा लाभ संध्याकाळी घरातही पोहोचतो.

किरकोळ व्यापारातील बदल थांबविता येणार नाहीत आणि थांबविण्याचे कारणही नाही. स्वयंसेवा भांडाराने निश्चित किंमत व स्वच्छ माल आणला, मोबाइल फोनने निवड आणली. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु ज्या कुटुंबाचे उत्पन्न रोजचे आहे किंवा सुगीवर अवलंबून आहे, त्याला आठवडी बाजार, किराणा दुकान व रास्त भाव दुकान यांवाचून दुसरा आधार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्यातील सुमारे ७३ टक्के लोक खेड्यांत राहत होते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही. मोठी भांडारे आपली सोय आपल्या भांडवलाने करून घेतात. बाजारतळावर पथारी टाकून बसणाऱ्या विक्रेत्याची आणि तेथे पाव किलो डाळ घेणाऱ्या ग्राहकाची सोय मात्र ग्रामपंचायत व नगरपंचायत यांनाच करावी लागेल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बाजाराची जागा, काटा व फी हे तीन विषय घेऊन या कामास प्रारंभ करता येईल.